संकेतस्थळ शोधनिकालांत दिसते, पण उघडत कोणी नाही : हापूसच्या थेट विक्रीचा प्रश्न

कलमवाला

देवगड तालुक्यात आमची हापूसची कलमे आहेत. बराचसा माल वाशीच्या बाजारात जातो, परंतु गेल्या काही हंगामांपासून निवडक फळांच्या पेट्या आम्ही स्वतःच्या संकेतस्थळावरून मुंबई-पुण्याच्या ग्राहकांना थेट पाठवू लागलो आहोत. हंगाम मार्चच्या सुमारास सुरू होतो आणि मे सरता सरता आटोपतो, त्यामुळे गूगलवरून येणारे गिऱ्हाईक या अडीच-तीन महिन्यांत आले तर आले, नाहीतर पुढच्या मोहोराची वाट पाहायची.

अडचण अशी की सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे संकेतस्थळाचे शोधातले आकडे दाखवणाऱ्या गूगलच्या साधनात, आमच्या पानांची इम्प्रेशन्स (निकालांत दिसण्याचे प्रसंग) भरपूर दिसतात, सरासरी स्थानही पहिल्या पानावरचे आहे, आणि तरीही शंभर वेळा दिसल्यावर जेमतेम एखादा माणूस आत येतो. एका सल्लागाराने सांगितले की क्लिकचे प्रमाण, म्हणजे सीटीआर, किमान पाच टक्के नसेल तर गूगल आपल्याला खाली ढकलते, आणि त्यावर उपाय म्हणून दरमहा ठरावीक क्लिक पुरवण्याची योजनाही पुढे केली. ती मी घेतलेली नाही. सध्या आमच्या सर्व पानांना एकच इंग्रजी शीर्षक आहे. त्यात आधी बागेचे नाव येते आणि मग 'बेस्ट क्वालिटी अल्फान्सो मँगो ऑनलाइन' असे शब्द येतात. पानांवरचा मजकूर मात्र मराठीत आहे. शीर्षक आणि त्याखालचे वर्णन बदलून खरोखर फरक पडतो का, आणि पडत असेल तर सुरुवात कोठून करावी, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

आकडेमोड

सुरुवात शीर्षकापासून न करता सर्च कन्सोलच्या तक्त्यापासून करावी, असे माझे मत आहे. पाच टक्क्यांची अट कोठेही अस्तित्वात नाही. संपूर्ण संकेतस्थळाचा एकत्रित सीटीआर हा आकडा इतका सरमिसळीचा असतो की त्यावरून कोणताही निर्णय घेणे धोक्याचे आहे.

समजा, एका पानाचा शोध लोक बागेच्या नावानेच घेतात. त्याची १,००० इम्प्रेशन्स आणि २०० क्लिक झाले, म्हणजे २० टक्के. दुसरे पान 'हापूस आंबा' अशा मोघम शोधात आठव्या स्थानी दिसते. त्याची ९,००० इम्प्रेशन्स आणि ९० क्लिक, म्हणजे १ टक्का. एकूण सीटीआर २.९ टक्के. आता एप्रिलमध्ये मोघम शोध वाढले, दुसऱ्या पानाची इम्प्रेशन्स २९,००० झाली आणि त्याच १ टक्क्याने २९० क्लिक आले. एकूण क्लिक २९० वरून ४९० वर गेले, परंतु सीटीआर १.६ टक्क्यांवर उतरला. धंदा वाढला आणि टक्केवारी पडली! असा आलेख पाहून घाबरलेला माणूस क्लिक पुरवणाऱ्यांच्या हाती आयताच सापडतो.

इम्प्रेशन म्हणजे कोणी पाहिले, असेही नव्हे. शोधणाऱ्यासमोर आलेल्या निकालांच्या पानावर आपला दुवा असला की साधारणतः इम्प्रेशन मोजले जाते. तो माणूस तळापर्यंत सरकला की नाही, हे तेथे बघितले जात नाही. शिवाय एका पानावर शंभर निकाल मागवण्याची सोय गूगलने सप्टेंबर २०२५ मध्ये काढून टाकली, तेव्हा क्रमांक तपासणाऱ्या यंत्रांची ये-जा कमी झाली आणि अनेकांची इम्प्रेशन्स एकाएकी घसरली. त्या सुमारास काहीही न करता ज्यांचा सीटीआर सुधारला, त्यांनी त्याचे श्रेय नव्या शीर्षकाला देऊ नये.

म्हणून अहवालात एक-एक पान निवडावे, त्याखालील शोधशब्द उघडावेत, आणि ज्या शब्दांवर आपण चौथ्या-पाचव्या स्थानाच्या वर असूनही क्लिक येत नाहीत, तेवढेच शब्द वेगळे काढावेत. शीर्षक बदलून फायदा होण्याची शक्यता तेथे सर्वाधिक असते. नवव्या स्थानावरच्या शब्दाचा प्रश्न शीर्षकाचा नाही, स्थानाचाच आहे. मोबाइल आणि संगणक यांचे आकडेही वेगळे पाहावेत. अगदी तुरळक शोधले जाणारे शब्द गोपनीयतेसाठी लपवलेले असतात, त्यामुळे शब्दांची बेरीज एकूण आकड्याशी जुळली नाही तरी त्यात आश्चर्य नाही.

जुना वेबकरी

आकडेमोड यांच्याशी सहमत आहे, तरीही कलमवाला यांच्या बाबतीत शीर्षकाचा दोष उघड दिसतो, आणि तो दुहेरी आहे.

पहिला दोष असा की पान मराठी आणि शीर्षक इंग्रजी. निकालांत दिसणारी निळी ओळ आपण टायटल टॅगमध्ये, म्हणजे पानाच्या कोडमधील शीर्षकाच्या जागी, लिहिलेलीच असेल, अशी खात्री नसते. ऑगस्ट २०२१ पासून गूगल पानावरचे मोठे मथळे आणि आपल्याकडे येणाऱ्या दुव्यांचे शब्द यांवरूनही ही ओळ बनवते. आपले शीर्षक सुमारे ८७ टक्के वेळा वापरले जाते, असे गूगलने त्याच वर्षी सप्टेंबरात सांगितले होते. जून २०२२ मध्ये त्यात आणखी एक भर पडली : पानाच्या मुख्य मजकुराची भाषा किंवा लिपी शीर्षकाशी जुळत नसेल, तर जुळणारे दुसरे शीर्षक शोधले जाते. म्हणजे तुमचे इंग्रजी शीर्षक काही वेळा दिसतही नसेल आणि त्याऐवजी पानावरचा 'आमच्याविषयी थोडेसे' असा एखादा मथळा झळकत असेल. मोबाइलवर स्वतःचेच शब्द शोधून ते आधी पाहून घ्यावे.

दुसरा दोष म्हणजे सर्व पानांना एकच शीर्षक. पेटीचे पान, दरांचे पान आणि आंबा कसा पिकवतो ते सांगणारे पान ही तिन्ही निकालांत सारखीच दिसत असतील, तर शोधणाऱ्याला निवडायला काही उरतच नाही. असे एकसुरी शीर्षक गूगलही बदलण्याच्या यादीत धरते.

लांबीबद्दल एक मुद्दा खास देवनागरीचा आहे, आणि इंग्रजी पुस्तिकांत तो सापडत नाही. 'शीर्षक ६० अक्षरांच्या आत ठेवा' असा नियम सगळीकडे सांगितला जातो, आणि संकेतस्थळ बनवण्याच्या प्लगइनमध्ये त्यासाठी हिरवा-लाल दिवाही असतो. गूगल मात्र अक्षरे मोजून शीर्षक कापत नाही, पडद्यावरच्या रुंदीनुसार कापते. 'रत्नागिरी' हा शब्द डोळ्यांना चार अक्षरांचा दिसतो, परंतु संगणकाच्या हिशेबी त्यात काना, वेलांटी आणि हलन्त धरून नऊ चिन्हे आहेत. जोडाक्षरे आणि मात्रा जास्त असलेले मराठी शीर्षक प्लगइनला लांबलचक वाटते आणि लाल दिवा लागतो, पण पडद्यावर ते पूर्ण मावते. याच्या उलटही घडू शकते. म्हणून दिव्याकडे दुर्लक्ष करून महत्त्वाचे शब्द पहिल्या चार-पाच शब्दांत बसवावेत, म्हणजे शेपूट कापले गेले तरी अर्थ शाबूत राहतो. बागेचे नाव शेवटी द्यावे. तुमचे नाव घेऊन शोधणारा तुम्हाला शोधून काढणारच आहे.

कोथरूडकर

मी या विषयातली जाणकार नाही, पण दरवर्षी एप्रिलमध्ये हाच शोध घेणारी ग्राहक आहे, म्हणून पलीकडची बाजू सांगते. 'देवगड हापूस पेटी' असे शोधल्यावर दहापैकी बहुतेक दुव्यांवर 'अस्सल', 'प्रीमियम', 'नंबर वन', 'नैसर्गिक' हेच शब्द दिसतात, आणि सगळेच अस्सल असल्यामुळे त्या शब्दांचा मला काहीच उपयोग होत नाही. मला हवे असते ते वेगळेच : पेटी किती डझनांची आहे, फळ किती ग्रॅमचे आहे, पुण्यात घरपोच मिळेल का, फळ तयार येणार की घरी अढी घालावी लागणार, आणि खराब निघाले तर बदलून देणार का. यांपैकी दोन गोष्टी निकालातच वाचायला मिळाल्या तरी मी तो दुवा आधी उघडते, मग तो तिसरा असो वा पाचवा.

आणखी एक गोष्ट. परराज्यातला आंबा देवगडच्या पेटीत घालून विकला जातो, ही आम्हा ग्राहकांची जुनी तक्रार आहे. त्यामुळे 'अस्सल' असे लिहिण्यापेक्षा ते कशावरून, हे जो लिहील त्याच्यावर माझा विश्वास लवकर बसेल.

जुना वेबकरी

कोथरूडकर यांनी जे लिहिले, तेच खरे म्हणजे शीर्षकाचे आणि वर्णनाचे टिपण आहे. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, आणि त्याचे अधिकृत वापरकर्ते म्हणून आपली नोंदणी असेल तर वर्णनात तसा स्पष्ट उल्लेख करावा. देवगडच्या आंबा उत्पादक सहकारी संस्थेने २०२५ च्या हंगामापासून फळावर स्वतंत्र क्रमांकाचे स्टिकर आणले आहे. ते वापरत असाल, तर 'प्रत्येक फळावर क्रमांकाचे स्टिकर' हे चार शब्द 'शंभर टक्के अस्सल' या शब्दांपेक्षा कितीतरी अधिक काम करतील.

मेटा डिस्क्रिप्शनमुळे, म्हणजे शीर्षकाखाली दिसावे म्हणून आपण कोडमध्ये लिहिलेल्या वर्णनामुळे, क्रमांक वाढत नाही, हे गूगलने २००९ मध्येच स्पष्ट केले आहे. ते वर्णन क्लिक मिळवण्यापुरतेच असते, आणि तेही दिसेलच असे नाही, कारण शोधलेल्या शब्दांना पानावरचे एखादे वाक्य अधिक जुळत असेल तर गूगल ते वाक्य उचलते. म्हणून पेटीच्या पानाचा पहिला परिच्छेद असा लिहावा की तो जसाच्या तसा उचलला गेला तरी तुमची जाहिरातच होईल. 'कोकणच्या निसर्गरम्य लाल मातीत वसलेल्या आमच्या बागेत आपले सहर्ष स्वागत आहे' अशी सुरुवात असेल, तर तेच वाक्य निकालात येऊन बसते आणि डझन व ग्रॅम बिचारे खाली राहतात.

शंकेखोर

सर्वांचा मान राखून एक शंका मांडतो. सीटीआरचा आणि क्रमांकाचा संबंध नाही, असे गूगलचे प्रतिनिधी वर्षानुवर्षे सुचवत आले. पण अमेरिकी सरकारने गूगलविरुद्ध चालवलेल्या मक्तेदारीच्या खटल्यात गूगलचे एक वरिष्ठ अधिकारी पांडू नायक यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये साक्ष दिली, तेव्हा 'नॅवबूस्ट' नावाच्या यंत्रणेची माहिती बाहेर आली. ही यंत्रणा वापरकर्त्यांच्या १३ महिन्यांच्या क्लिकचा विचार करते. मग त्या सल्लागाराचे म्हणणे अगदीच निराधार कसे म्हणावे?

आकडेमोड

शंका रास्त आहे, परंतु साक्षीतून निघणारा निष्कर्ष सल्लागाराच्या योजनेच्या बरोबर उलट आहे. गूगल क्लिकचा उपयोग करते, याचा अर्थ संपूर्ण संकेतस्थळाची टक्केवारी काढून पाच टक्क्यांखालच्यांना शिक्षा देते, असा होत नाही. ज्या स्थानावर जितके क्लिक अपेक्षित असतात, त्या संदर्भाशिवाय नुसत्या क्लिकला अर्थच नसतो. कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी २००५ मध्ये गूगलच्या निकालांची पहिली दोन स्थाने वापरणाऱ्यांच्या नकळत अदलाबदल करून पाहिली, तेव्हाही लोकांनी वर असलेल्या दुव्यावरच अधिक क्लिक केले, म्हणजे दुसऱ्या क्रमांकाचा निकाल वर बसवल्यावर लोकांनी त्याच्यावरही भरवसा ठेवला. क्लिकमधला हा पक्षपात शोधयंत्र चालवणाऱ्यांना तेव्हापासून ठाऊक आहे. जे लोक एवढी दुरुस्ती करू शकतात, त्यांना ठरावीक यंत्रांकडून दरमहा येणारे, पेटी न घेता परत जाणारे ठरावीक क्लिक ओळखता येणार नाहीत, यावर माझा विश्वास नाही. शिवाय विकत घेतलेला क्लिक आंबा विकत घेत नाही.

शंकेखोर

हे पटले. मात्र याचा आणखी एक अर्थ निघतो : शीर्षकात भडक आश्वासन देऊन माणूस आत आणला आणि तो क्षणात मागे फिरून दुसरा दुवा उघडू लागला, तर तो क्लिकही आपल्या बाजूचा धरता येणार नाही. 'अर्ध्या किमतीत देवगड हापूस' असे लिहिणारे दुकानदार दरवर्षी दिसतात, आणि आत गेल्यावर ती किंमत एका डझनाची की अर्ध्या, हेच कळत नाही.

तारांकित

किमतीचा विषय निघालाच आहे म्हणून लिहितो. दर शीर्षकात लिहू नये. हापूसचा दर हंगामात सतत बदलतो आणि गूगल आपले पान पुन्हा वाचेपर्यंत निकालात जुनाच दर दिसत राहतो. मार्चचा दर मेमध्ये दिसला तर ग्राहक उघडणारच नाही. दर, उपलब्धता आणि घरपोच पाठवण्याचा खर्च हे पानाच्या स्ट्रक्चर्ड डेटामध्ये, म्हणजे शोधयंत्राने वाचावी म्हणून कोडमध्ये दिलेल्या माहितीत, उत्पादनाच्या नोंदीत द्यावेत. पानावरची किंमत आणि या नोंदीतली किंमत एकच असली पाहिजे. नोंद बरोबर असेल, तर निकालात दुव्याखाली किंमत आणि 'उपलब्ध' असे दिसू शकते. दिसेलच अशी हमी नाही.

निकालात दुव्याखाली दिसणाऱ्या अभिप्रायांच्या चांदण्यांबद्दल बराच गैरसमज आहे. आपल्याच संस्थेविषयी आपल्याच पानावर छापलेल्या अभिप्रायांच्या चांदण्या गूगलने सप्टेंबर २०१९ पासून दाखवणे बंद केले आहे. एखाद्या उत्पादनाला, म्हणजे विशिष्ट पेटीला, खऱ्या ग्राहकांनी दिलेले अभिप्राय असतील तर गोष्ट वेगळी. प्रश्नोत्तरांचा (एफएक्यू) जो पट्टा पूर्वी निकालात जागा अडवायचा, तोही ऑगस्ट २०२३ पासून नामांकित सरकारी आणि आरोग्यविषयक संकेतस्थळांपुरता मर्यादित झाला. आजही कोणी 'एफएक्यू लावून सीटीआर वाढवून देतो' म्हणत असेल, तर त्याची माहिती शिळी आहे.

कलमवाला

सर्वांचे आभार. सांगितल्याप्रमाणे शब्द वेगळे काढले, तेव्हा चित्र बरेच स्पष्ट झाले. आमची बहुतेक इम्प्रेशन्स विक्रीच्या पानाची नाहीत. 'आंबा अढीत कसा पिकवावा' आणि 'कार्बाइडने पिकवलेला आंबा कसा ओळखावा' या दोन लेखांची ती आहेत. त्या शोधांवर आता सर्वात वर गूगलचा एआय सारांश येतो आणि उत्तर तेथेच मिळते. मग या लेखांवर वेळ घालवण्यात अर्थ आहे का?

आकडेमोड

या लेखांचे क्लिक पूर्ववत होतील, अशी आशा धरू नये. प्यू रिसर्च सेंटरने जुलै २०२५ मध्ये अमेरिकेतील वापराचा अभ्यास प्रसिद्ध केला. सारांश दिसला तेव्हा ८ टक्के वेळा नेहमीच्या दुव्यावर क्लिक झाले, सारांश नव्हता तेव्हा १५ टक्के वेळा. खुद्द सारांशातल्या दुव्यावरचे क्लिक १ टक्क्याच्या घरात होते. भारतात हे सारांश ऑगस्ट २०२४ पासून इंग्रजी आणि हिंदीत सुरू झाले. पानाच्या कोडमध्ये नोस्निपेट, म्हणजे 'उतारा दाखवू नका', ही सूचना वापरून आपला मजकूर सारांशातून वगळता येतो, परंतु त्यामुळे साध्या निकालातील वर्णनही नाहीसे होते, म्हणून ती वाट मी सुचवणार नाही.

मात्र दोन लेखांत फरक करावा. कॅल्शियम कार्बाइडने फळे पिकवण्यास भारतात बंदी आहे, ही माहिती सारांशात पुरेशी मिळते. परंतु अढीत फळ कसे लावायचे, पेंढ्याचे थर कसे द्यायचे, देठाभोवतीचा रंग रोज कसा बदलत जातो, याची तुमच्याच बागेतली छायाचित्रे लेखात असतील, तर 'छायाचित्रांसह' असे शीर्षकात लिहिता येईल, आणि ते पाहण्यासाठी तरी आत यावे लागेल. लेखातून पेटीच्या पानाकडे जाणारा दुवा ठळक ठेवावा.

जुना वेबकरी

वेळ कमी असेल, तर मी लेख बाजूला ठेवून विक्रीच्या पानाकडे आधी पाहीन. विकत घ्यायला निघालेल्या माणसाचे काम सारांश वाचून भागत नाही, पेटी कोणाकडून तरी घ्यावीच लागते.

कलमवाला

मग विक्रीच्या पानासाठी पुढील मसुदा केला आहे. शीर्षक : 'देवगड हापूस ५ डझन पेटी, पुणे-मुंबई घरपोच | हंगाम २०२६'. वर्णन : '२५० ते ३०० ग्रॅमची फळे, अढीत पिकवलेली, प्रत्येक फळावर क्रमांकाचे स्टिकर. खराब फळ निघाल्यास बदलून मिळेल. थेट बागेतून.' सूचना असल्यास कळवाव्यात.

कोथरूडकर

मी हा दुवा उघडीन. एकच सुचवते : अनेक घरांत आता माणसे दोनच असतात, पाच डझन एकदम कोण खाणार? एक आणि दोन डझनांचा खोका ठेवत असाल, तर वर्णनाच्या सुरुवातीलाच तसे लिहा.

जुना वेबकरी

मसुदा चांगला आहे. हंगामाचे वर्ष शीर्षकात ठेवायचे, तर पुढच्या जानेवारीत ते न चुकता बदलावे लागेल, कारण जुने वर्ष दिसले की दुकान बंद पडल्यासारखे वाटते. जमणार नसेल तर वर्ष काढून टाकावे. पान मात्र दरवर्षी नवे करू नये, एकाच पत्त्यावर ठेवावे, आणि हंगाम संपल्यावर ते न काढता 'पुढील नोंदणी कधी सुरू होणार' हे त्यावर लिहावे. थंडी सरताना लोक हेच शोधू लागतात.

आकडेमोड

बदल केल्याची तारीख टिपून ठेवावी आणि एका वेळी एकाच पानाचे शीर्षक बदलावे. तुलना मार्चशी एप्रिलची करू नये, त्यात हंगामाचाच चढ दिसेल. गेल्या एप्रिलशी या एप्रिलची करावी, तीही त्याच शोधशब्दांपुरती आणि स्थान फारसे हललेले नाही, हे पाहून. सर्च कन्सोल १६ महिन्यांपर्यंतचेच आकडे ठेवते, त्यामुळे गेल्या हंगामाचा तक्ता आत्ताच उतरवून ठेवलेला बरा.

कलमवाला

उतरवला. शेवटची एक विचारणा : आमच्या पानांचे पत्ते देवनागरीत आहेत. निकालात ते छान दिसतात, पण व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला गेले की टक्क्यांच्या खुणांची लांबच लांब रांग होते. ते रोमनमध्ये बदलावेत का?

जुना वेबकरी

प्रत्येक देवनागरी चिन्हाची त्या रूपात नऊ चिन्हे होतात, म्हणून नुसता 'हापूस' हा शब्द ४५ चिन्हांचा होतो. निकालातल्या क्लिकवर याचा परिणाम होईल, असे मला वाटत नाही, पण तुमचे ग्राहक व्हॉट्सअ‍ॅपवरून एकमेकांना दुवे पाठवत असणार, त्यामुळे लहान रोमन पत्ता सोयीचा ठरेल. जुना पत्ता कायमस्वरूपी नव्या पत्त्याकडे वळवल्याशिवाय मात्र बदल करू नये, आणि ऐन हंगामात तर मुळीच करू नये. नव्या पत्त्याची नोंद गूगलकडे स्थिरावायला काही आठवडे जाऊ शकतात. शीर्षक आणि वर्णन आत्ता बदला. पत्त्यांचे काम शेवटची पेटी रवाना झाल्यावर जूनमध्ये काढा.